न चाखता पारख

यॉर्कशायरमधल्या एका पुरातन पबात नलूताई वर्तक नुसत्या जुन्या तुळया बघायला शिरल्या आणि फायरप्लेसजवळच्या खुर्चीत टेकल्या. तोच एक मिशाळ कर्नल गुरगुरला, "बाई, न पिणाऱ्यांनी इथं बसायचं नाही!"

त्याने काउंटरवरून दोन भरलेले मग आणले. "एकात लाकडी पिंपातली अस्सल बिअर, दुसऱ्यात कारखान्यातलं पाणचट. न चाखता ओळखा, नाहीतर उठा."

सगळा पब बघायला लागला. नलूताईंनी दोन्ही मग उचलले आणि सरळ जळत्या लाकडांवर तिरपे केले.

"अहो अहो, तो नको!" कर्नलने झडप घालून ताईंच्या उजव्या हातातला मग धरला.

"हाच अस्सल," म्हणत ताई आणखी ऐसपैस बसल्या.

"तुम्हाला बिअर कळली कशी?"

"मला बिअर कुठली कळतेय! पिणारा कळला."