जिथे आपला हात पोचत नाही

ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरं आपल्याशी बोलायची आणि आपण ऐकून घ्यायचो. आता माणसांना माणसांचं ऐकायला वेळ नाही, जनावरांचं तर सोडाच.

तर एका डोंगराच्या पायथ्याशी दाट जंगल होतं आणि त्यात माकडांची एक टोळी राहायची. टोळीचा म्होरक्या एक हुप्प्या होता. अंगानं दांडगा, डोक्यानं हुशार, आणि चौकस तर असा की दगड दिसला की उलटा करून बघणार. त्याची म्हातारी आईही टोळीतच होती. तिचा शब्द तो खाली पडू देत नसे.

या टोळीचा एक रिवाज होता. दुपारची उन्हं कलली की सगळी माकडं एकामागे एक बसत आणि एकमेकांच्या उवा काढत. म्हातारी पोरांच्या काढायची, पोरं म्हातारीच्या. सकाळी ज्यांनी एका फळावरून एकमेकांचे कान उपटले, तीही दुपारी मुकाट पाठ करून बसायची. करतात काय, उवा तर सगळ्यांनाच होत्या.

हुप्प्याला मात्र हा वेळ फुकट जातो असं वाटे. एकदा भटकताना त्याला डोंगरापलीकडे गरम पाण्याचं कुंड सापडलं. पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास. दुसरा कोणी नाक दाबून पळाला असता, हा आत उतरला. बाहेर येऊन बघतो तर अंगावर एक ऊ जिवंत नाही.

झालं. हुप्प्यानं हुकूम काढला. "रोज सकाळी कुंडात बुडी मारायची. उवा काढत बसणं आजपासून बंद. त्या वेळात फळं गोळा करायची."

सगळे खूश झाले. खोटं कशाला बोलू, मीही झालो असतो. अंगाची खाज गेली, फळांचे ढीग लागले. दुपारी जो तो आपापल्या फांदीवर आपापलं फळ खात बसू लागला.

पण थंडी सरता सरता एक नवल दिसू लागलं. फळं भरपूर, तरी माकडं रोडावलेली. लहान पिल्लं झोपेत दचकून रडायची. तरण्या माकडांचं सकाळचं भांडण दुसऱ्या सकाळी शिळं होऊनसुद्धा चालूच. खुद्द हुप्प्याचं पोट सारखं दुखे आणि तो ज्याच्या त्याच्या अंगावर खेकसे. त्याच्या आईनं तर खाणंच टाकलं.

हुप्प्या कारण शोधू लागला. त्यानं फळं हुंगून पाहिली, ओढ्याचं पाणी चाखलं, मग टोळीलाच दुसऱ्या झाडांवर हलवलं. काही फरक पडेना. आईपुढे पिकली उंबरं ठेवली तर ती म्हणे, "ठेव तिथं. भूक नाही रे."

"पण होतंय काय तुला?"

"होतंय कसलं, वय झालं."

दिवसेंदिवस तिची हाडं वर येऊ लागली. आई आता राहत नाही, या विचारानं तो दांडगा गडी घाबरला.

जंगलात एक म्हातारी अस्वलीण होती. कुठलं मूळ कशावर चालतं हे तिला ठाऊक, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. हुप्प्यानं तिला बोलावून आणलं. मावशीनं म्हातारीला हुंगलं, तिच्या पाठीवरचे केस बाजूला केले आणि विचारलं, "हा काटा कधीचा?"

दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला आपल्याला हात पोचत नाही, तिथे बाभळीचा काटा रुतून पिकला होता.

"आई, तू बोलली का नाहीस?" हुप्प्या म्हणाला.

"मुद्दाम हाक मारून सांगण्याएवढं मोठं वाटलं नाही रे. जवळ कोणी बसलं असतं, तर बोलता बोलता सांगितलं असतं."

मावशीनं काटा काढला, पाला चुरडून लावला. जखम सुकली. पण म्हातारी काही खाईना. हुप्प्या पुन्हा मावशीकडे गेला. "काटा तर निघाला. मग आता काय राहिलं? एखादं मूळ दे."

मावशी मधाचं पोळं चाटत म्हणाली, "उवा होत्या तेव्हा ती जेवायची का?"

"पोटभर."

"आणि दुपारी बसायची कुठे?"

"नातवंडांच्या मागे. आणि तिच्या मागे आम्ही कोणीतरी."

"मग माझ्याकडे मूळ कसलं मागतोस?" असं म्हणून ती आपल्या वाटेनं गेली.

 हुप्प्या परत आला, आईच्या मागे जाऊन बसला आणि तिचे केस विंचरल्यासारखे बोटांनी चाचपू लागला.

"अरे, उवा कुठे आहेत आता?" आई म्हणाली.

"नाहीत. तू बस गप्प."

ती बसली. हळूहळू तिचे आखडलेले खांदे सैल पडले. थोड्या वेळानं म्हणाली, "तुझा धाकटा डावा पाय उचलून चालतोय. पाहिलंस का?" हुप्प्यानं पाहिलं नव्हतं. मग आणखी थोड्या वेळानं ती म्हणाली, "ती उंबरं ठेवली होतीस, ती आहेत का रे अजून?"

हुप्प्याला रडू आलं. ती पुढे बघत होती म्हणून बरं.

त्या दिवसापासून टोळी सकाळी कुंडात बुडी मारते आणि दुपारी पहिल्यासारखी एकामागे एक बसते. पिल्लं गाढ झोपतात. हुप्प्याचं पोट दुखायचं कधी थांबलं, हे त्यालाही आठवत नाही. आपण रस्त्यानं जाताना त्यांना बघतो आणि हसतो, की काय उवा झाल्यात यांना. ऊ एकही नसते.

सांगायचं ते एवढंच: घरात खायला कितीही असलं, तरी जवळ येऊन बसणारं कोणी नसेल, तर लहानथोर कोणाचीच तब्येत धड राहत नाही.