अनसूयेच्या बाटलीतला गाळ

एकदा एक घड्याळजी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्धाकडे शिकायला गेला. घड्याळांविषयी त्याला काही शिकायचे नव्हते, त्या विद्येत तो पारंगत होता. त्याला शिकायचे होते करवंदांचे आंबट.

आंबट म्हणजे लोणचे नव्हे. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून त्यांचे गोड पाणी गाळून घ्यायचे, उकळून निवू द्यायचे. मग त्यात पिकलेली करवंदे घालायची आणि रांजणाच्या तोंडाला फडके बांधून स्वस्थ बसायचे. पुढचे काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. गोडवा सरतो, फेस धरतो, आंबटपणा चढतो. शहरात याच पेयाला बीअर म्हणतात आणि ऐटीत उंच पेल्यातून देतात. त्या अदृश्य जिवांना विद्वान यीस्ट आणि जिवाणू म्हणतात. वृद्ध मात्र त्यांना ‘मंडळी’ म्हणे. “आज मंडळी जागी झाली,” असे तो रांजणाला कान लावून सांगे, तेव्हा आपण कुणाच्या घरी पाहुणे आलो आहोत असे वाटे.

या गोष्टीत नाव एकाच व्यक्तीला आहे, आणि ती गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेली आहे. घड्याळजीच्या पत्नीचे नाव अनसूया. दर उन्हाळ्यात ती करवंदांचे आंबट करी. करवंदे ती कधी धुवत नसे. “धुऊ नका हो, सालीवर डोंगरचं वारं बसलेलं असतं,” असे म्हणून नवऱ्याच्या हातून टोपली काढून घेई. आंबट तयार झाले की पहिला पेला त्याला देई आणि समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघे. पहिल्या घोटाला त्याचा डावा डोळा आपोआप मिटे. तो मिटला की ती खळखळून हसे आणि म्हणे, “झालं. जमलं.” मोजमाप, वेळ, परीक्षा, सगळे त्या एका डोळ्यात.

ती गेल्यानंतर घड्याळजीने स्वतः आंबट करून पाहिले. माणूस काटेकोर. प्रत्येक वस्तू तोलून घेतली, पाण्याची ऊब बोटाने तपासली, करवंदे न धुता घातली. पेय चांगले झाले. शेजारी मिटक्या मारत प्यायले. पण त्याचा डोळा काही मिटला नाही. म्हणून तो वृद्धाकडे आला. तिथे शिकून केलेलेही उत्तम झाले, आणि डोळा उघडाच राहिला.

वृद्धाने एकदा त्याला विचारले, “तिचा रांजण कुठे आहे?”

“घरीच आहे, बाबा. तिचं भांडं म्हणून जिवापाड जपलंय. तिचं दिवसकार्य झाल्यावर मी स्वतः तो राखेनं घासला, उकळत्या पाण्यानं धुतला, उन्हात पालथा घातला. लख्ख आहे अगदी.”

वृद्धाने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, “तिच्या हातचं काही उरलंय का?”

घड्याळजी घुटमळला. “एक बाटली आहे. शेवटची. उघडलेली नाही.”

“ती घेऊन ये.”

कापडात गुंडाळलेली बाटली छातीशी धरून घड्याळजी आला. वृद्ध घोटभर चाखेल आणि काय कमी पडते ते सांगेल, अशी त्याची आशा होती. वृद्धाने बाटली उन्हात धरली. वरती माणकासारखे लाल, नितळ पेय होते आणि तळाशी बोटभर गढूळ गाळ. त्याने बूच काढले. आतून क्षीणसा सुस्कारा आला. मग त्याने अतिशय सावकाश, तळ न हलवता, वरचे नितळ पेय एका पेल्यात ओतले आणि पेला शिष्यापुढे धरला.

“घे. पी.”

घड्याळजीने हात मागे घेतला. “आज नको, बाबा.”

“मग कधी?”

“हे संपलं की...”

त्याच वेळी सुपारीचा एक व्यापारी ओझे टेकवून अंगणात आला आणि त्याने पाणी मागितले. वृद्धाने तो पेला सरळ त्याच्या हातात दिला. व्यापारी तहानलेला. त्याने एका दमात पेला रिकामा केला. त्याचा डावा डोळा घट्ट मिटला. “बरंच आंबट आहे की हो,” असे म्हणत त्याने मिशा पुसल्या, ओझे उचलले आणि तो वाटेला लागला.

अनसूया असती तर या वेळी हसली असती. घड्याळजीला तिचे ते हसू आठवले. वर्षानुवर्षे जपलेले एका वाटसरूने पाण्यासारखे पिऊन टाकले होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

“तुम्हाला त्याला पाणी देता आलं नसतं का?” तो कसाबसा म्हणाला.

“आलं असतं,” वृद्ध म्हणाला. “पण आधी तुला दिलं होतं. तू प्यायला नसतास. दुसऱ्या बाटलीत भरून परत घरी नेलं असतंस.”

घड्याळजीच्या मनात नेमके तेच होते.

वृद्धाने ती बाटली त्याच्या हातात दिली. “आता खाली बघ. वर होतं ते तिनं केलेलं. ते कुणीतरी पिण्यासाठीच केलं होतं. हा गाळ म्हणजे तिच्याबरोबर राबलेली मंडळी. तिच्या स्वयंपाकघराच्या वाऱ्यातून, तिच्या फडक्यावरून, तिच्या हातावरून आलेली. रांजणात होती ती तू मायेनं घासून काढलीस. इथे उरली, तिला तू मायेनंच उपाशी ठेवलंस. आणखी काही वर्षं अशीच जपली असतीस तर आत जपण्यासारखं काही राहिलं नसतं. अरे, जे जिवंत आहे त्याला कुलपात ठेवून भागत नाही, त्याला खायला घालावं लागतं.”

“म्हणजे तीच चव येईल?” घड्याळजीने विचारले. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“नाही. खोटं कशाला सांगू? सातू नवे, करवंदं नवी, हात तुझा. ती येणार नाही, बाळा. तिची मंडळी येईल, आली तर.”

सातूचे निवलेले गोड पाणी वृद्धाने पुढे केले. घड्याळजीने ते स्वतःच्या हाताने बाटलीत ओतले. गाळ उसळला, सगळी बाटली गढूळ झाली. तोंडाला फडके बांधून दोघे वाट बघत राहिले. कित्येक दिवस काहीच घडले नाही. घड्याळजी बाटलीजवळून उठेना. जेवण तिथेच, झोपही तिथेच. मग एका दुपारी तळातून एक बुडबुडा निघाला, काचेला धरून वर आला आणि फुटला. त्याच्या मागोमाग दुसरा आला. वृद्धाने कान लावला आणि नुसती मान डोलावली.

ती बाटली घड्याळजीने घरी नेली आणि अनसूयेच्या रांजणात रिती केली. नवे गोड पाणी घातले, करवंदे घातली. आंबट तयार झाल्यावर त्याने एकट्यानेच स्वयंपाकघरात उभे राहून पहिला घोट घेतला. चव अनसूयेची नव्हती. करवंदे जास्त गोड होती, सातू जरा करपट लागत होते. आणि मग, घोट उतरता उतरता, त्याचा डावा डोळा मिटला. तो तसाच उभा राहिला. समोर हसायला कुणी नव्हते. त्या क्षणी ती त्याला जितकी हवी होती तितकी ती गेली त्या दिवशीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने वरचे नितळ पेय बाटल्यांत भरून शेजारीपाजारी वाटले. गाळ मात्र रांजणातच ठेवला आणि रांजण धुतला नाही. एक बाटली घेऊन तो डोंगरापाशी गेला. त्याने वृद्धाला पेला भरून दिला आणि समोर उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघू लागला.

वृद्धाने घोट घेतला. त्याचा डावा डोळा घट्ट मिटला.

घड्याळजी खळखळून हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी तो हसतच राहिला.

“झालं,” तो म्हणाला. “जमलं.”

आपल्याही फडताळात अशी एखादी बाटली असेल, तर एकदा तिच्या तळाकडे बघावे.