बुडबुड न करणारा चंबू

एकदा एका नदीकाठच्या पाठशाळेत एक शिष्य अचानक गप्प झाला. पूर्वी पाठ सुरू होताच त्याचे ‘का?’ आणि ‘कसे?’ सुरू होत. सहाध्यायी त्याला ‘बुडबुड्या’ म्हणत, ते तो हसण्यावारी नेई. पण एकदा पाठ ऐकायला आलेला एक प्रतिष्ठित व्यापारी सर्वांदेखत म्हणाला, "उथळ पाण्याला खळखळाट फार!" ते मात्र त्याच्या जिव्हारी लागले. तेव्हापासून समजो न समजो, तो नुसती मान डोलावू लागला. पुढच्या खेपेस व्यापाऱ्याने त्याची पाठ थोपटली. "आता कसा भरल्या घड्यासारखा शांत झालास!"

वृद्ध गुरूंनी ते ऐकले. सायंकाळी त्यांनी शिष्याच्या हाती अरुंद मानेचा तांब्याचा चंबू दिला.

"डोहातून भरून आण. मात्र बुडबुड असा आवाज होता कामा नये. मी काठावर बसून ऐकतो."

शिष्य चक्रावला. चंबू तिरका धरावा, तर बुडबुड. अगदी हळू बुडवावा, तरी बुडबुड. शेवटी त्याने चंबू उपडा केला आणि दोन्ही हातांनी सरळ खाली दाबला. एकही बुडबुडा आला नाही! मोठ्या ऐटीत तो काठावर आला.

"आवाज झाला नाही ना, गुरुजी?"

"मुळीच नाही. आता पाणी दे." गुरूंनी ओंजळ पुढे केली. चंबूतून थेंब पडला नाही. शिष्य ओशाळला.

"अरे, खळखळ निराळी, बुडबुड निराळी," गुरू म्हणाले. "दगडांवर आपटत पाणी निघून जाते, ती खळखळ. आतली हवा सुटते आणि तिच्या जागी पाणी शिरते, ती बुडबुड. भरलेला चंबू गप्प असतो, हे खरे. पण उपडाही गप्पच असतो. त्या भल्या गृहस्थाला दोन्ही सारखेच वाटले."

शिष्याने रिकामा चंबू सुलटा केला. मग चाचरत म्हणाला, "गुरुजी, एक विचारू? आपला चंबू तर केव्हाच भरला असेल?"

गुरू मनापासून हसले. "छे रे! तू शेवटी जे विचारले होतेस, त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. तू गप्प झालास आणि माझेही भरणे थांबले."

शिष्याने चंबू पुन्हा डोहात धरला, या वेळी तिरका. गुरू डोळे मिटून ऐकत राहिले.

आपल्याही घरात कुणी सारखे ‘का, का’ विचारत असेल, तर त्याला गप्प करण्यापूर्वी जरा कान द्यावा; तिथे काहीतरी भरते आहे.