भ्यालेल्याचे दात

लहानांनो ऐका, मोठ्यांनो तुम्हीही ऐका. पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक तेली राहत होता. त्याच्या घाण्याच्या दाराशी ढाण्या नावाचा कुत्रा आखूड साखळीला बांधलेला असे. साखळी कधी सुटत नसे, पोट कधी भरत नसे. तेली येताजाता त्याला काठीने डिवची आणि तो गुरगुरला की खूश होई.

"कुत्रं असं हवं! सारं गाव टरकलं पाहिजे."

सर्वांत जास्त टरकायची ती घरची सून सगुणा. ढाण्याला भाकरी घालायचं काम तिच्याकडे होतं. दुरूनच भाकरी फेकून ती आत पळायची.

तेल न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या धनगरणीने हे पाहिलं. ती म्हणाली, "पोरी, नुसते दात काय बघतेस? शेपूट पायांत, कान मागे, अंग आक्रसलेलं. तो तुझ्याहून जास्त भ्यालाय. भ्यालेलं जनावर कोंडीत सापडलं की चावतं. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नको, अंगावर वाकू नको आणि पळू तर मुळीच नको."

सगुणाने सासऱ्याला विनवलं, "मामंजी, साखळी लांब करा. त्याला डिवचू नका."

"तू आपल्या भाकऱ्या थाप," तेली म्हणाला.

एका दुपारी साखळीची कडी तुटली. तेल्याची धाकटी लेक तानी अंगणात चिंचोके खेळत होती. तिने वर पाहिलं, तर समोर ढाण्या!

ढाण्याची भाकरी हातात घेतलेली सगुणा दारात थिजली. तानी पळायला वळणार, एवढ्यात सगुणाच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले, "तानी, पळू नको गं! झाडासारखी उभी राहा. हात अंगाशी धर. मातीकडे बघ."

तानी उभी राहिली. ढाण्या जवळ आला. त्याने तिचे पाय हुंगले, परकर हुंगला. सगुणाने हातातली भाकरी हळूच दूर टाकली. ढाण्या तिकडे वळला आणि सगुणाने तानीला ओढून घरात घेतलं.

तेवढ्यात तेली काठी उगारून धावला.

"मामंजी, काठी टाका! त्याला वाट द्या!"

तेल्याने ऐकलं नाही. ढाण्या मागे सरत सरत भिंतीला टेकला. आता पळायला जागा नव्हती. काठी खाली आली आणि दात तेल्याच्या मनगटात रुतले.

जखम भरपूर पाण्याने धुतली, वैद्यबुवांनी औषध दिलं. तरी कुत्रं पिसाळलेलं असलं तर, या धास्तीने तेली पाण्याला घाबरतो का, हे घरातला प्रत्येक जण पाहत राहिला. तो पाण्याचा तांब्या उचली, तेव्हा सगुणा श्वास रोखून धरी.

तेली वाचला. पण उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

गावकरी दांडकी घेऊन आले. तेली दारात आडवा उभा राहिला. "मारू नका. हे त्याला मीच शिकवलं."

त्याने ढाण्यासाठी ऐसपैस कुंपण घातलं. वेळेवर पोटभर खायला दिलं, स्वतः दोरी धरून त्याला फिरवलं. विचारल्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही, असं साऱ्यांना बजावलं. गुरगुर हळूहळू ओसरली. सगुणाची भीती मात्र पुरती गेली नाही. पण आता भाकरी ठेवताना ती आधी त्याची शेपूट बघायची.

म्हणून सांगतो, जनावर पाळाल तर त्याची भीती ओळखा. ती भीतीच पोसलीत, तर तिचे दात आपल्याच माणसांना लागतात.