दाराशी ठेवलेली कुदळ

राजे बदलले, नाणी बदलली, त्याच्याही फार फार आधीची ही गोष्ट.

एका नगरीत एक विणकर होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसे. तिथल्या विणकरांची रीत होती: घर घेण्याआधी गुडघाभर खड्डा खणायचा आणि दुसऱ्या सकाळी तळाला हात लावून ओल बघायची.

आयुष्याची कमाई कमरेला बांधून तो सखल आळीतलं एक घर बघायला गेला. भिंतींना ताजा चुना, जमीन नुकतीच सारवलेली. त्याने कुदळ मागितली.

दलाल हसला. "पाव्हणं, घर बघायला आलात की विहीर खणायला?"

शब्दावर विश्वास नसेल तर राहू द्या, असं मालकानेही सुनावलं. चारचौघांत आपण संशयी दिसलो, याचीच विणकराला लाज वाटली. त्याने कुदळीऐवजी थैलीला हात घातला.

राहायला आल्यावर त्याने मागासाठी खड्डा खणला. सकाळी त्यात घोट्यापर्यंत पाणी. उपसलं, पुन्हा भरलं. मागाची लाकडं फुगली, सुताला कुबट वास धरला. शेजाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

असल्या उत्तराला जग शहाणपण म्हणतं. ती लबाडीतली भागीदारी असते.

विणकराने घर विकायला काढलं, तसा दलाल पुन्हा आला. "चुना मारा, सारवून घ्या. तुमच्यासारखा कुणी भेटेलच."

विणकराने चुना आणला नाही. खड्डा उघडाच ठेवला, दाराशी कुदळ उभी केली. दोन गिऱ्हाइकं खड्डा बघून परतली. दलालाने कपाळावर हात मारून घेतला.

तिसरी आली एक रंगारीण. कापड रंगवायला नदीवरून घागरी वाहून तिची कंबर मोडली होती.

"पाणी बारमाही आहे?"

"आहे. भिंतीही ओलावतात, उत्तरेची जास्त."

"मला कुठे राहायचंय? रंगाच्या रांजणांना जागा हवी. आणखी काय लपवलंय?"

"कुदळ घ्या. हवं तिथं खणा."

तिने दोन ठिकाणी खणलं, मगच व्यवहार केला. विणकराची सगळी कमाई परत आली नाही. पण माग वाचला.

मग तो माळावरचं एक घर बघायला गेला, कुदळ खांद्यावर घेऊनच. तिथला मालक कुरकुरला, "आमच्यावर विश्वास नाही वाटतं?"

"तुमच्यावर आहे," खणता खणता विणकर म्हणाला. "जमिनीला विचारतोय."

दुसऱ्या सकाळी तळाची माती त्याच्या हाताला कोरडी लागली. तेव्हाच त्याने थैली सोडली.

बोध एवढाच: घर घेताना विचारायला लाजू नये आणि विकताना सांगायला कचरू नये.