तिसरं चाक

फार जुन्या काळी घडलेली घटना आहे. वैशाखातला दिवस होता, सूर्य डोक्यावर यायला दोन घटका कमी होत्या. उघड्या माळावरून जाणाऱ्या राजरस्त्यावर, एका गावापासून दोन कोस अलीकडे, एका बैलगाडीचं डावं चाक मोडलं.

गाडीत एक म्हातारी सुईण बसली होती. गाडीवानाची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि पहाटेपासून तिला कळा येत होत्या. त्याच्या गावात सुईण नव्हती. म्हणून गाडीवान उजाडताच चार कोसांवरच्या गावी गेला आणि हिला घेऊन घाईने परत निघाला होता.

चाक खड्ड्यात आदळलं. त्याची लोखंडी धाव निसटली, तीन आरे तुटले आणि गाडी डावीकडे कलंडली.

"आता काय रे?" सुईणीने विचारलं.

गाडीवानाने वाकून गाडीखाली पाहिलं. तिथे दोन दोर नुसतेच लोंबत होते.

इथे थोडं मागचं सांगितलं पाहिजे. त्या राज्यात प्रत्येक बैलगाडीखाली एक तिसरं चाक बांधायची पद्धत होती. ते फक्त स्वतःसाठी नसे. वाटेत कोणाची गाडी बसली, तर मागून येणाऱ्याने आपलं चाक सोडून द्यायचं आणि घेणाऱ्याने काम झाल्यावर ते त्याच्या दारात नेऊन ठेवायचं. त्यासाठी राज्यातले सगळे सुतार चाक एकाच मापाचं करत. चाक मागितल्यावर नाही म्हणणाऱ्या माणसाच्या घरी कोणी मुलगी देत नसे.

मग एका वर्षी राज्याच्या कारभाऱ्यांनी दवंडी पिटवली. "राजरस्ते आता उत्तम झाले आहेत. तिसरं चाक बाळगणं म्हणजे महाराजांच्या रस्त्यांवर अविश्वास दाखवणं. चाकाचं ओझं टाका आणि निर्धास्त प्रवास करा." प्रत्येक गाडीवानाला चाकाऐवजी राजमुद्रेची एक पिशवी मिळाली. तिच्यात डिंक, सुतळी आणि बांबूच्या चार कामट्या होत्या.

कोणी विरोध केला नाही, हेही सांगितलंच पाहिजे. चाक न काढणाऱ्याला कसलीही शिक्षा नव्हती. कोणाच्या दारात शिपाई आला नव्हता. या गाडीवानाने आपल्याच हातांनी चाक सोडलं आणि गोठ्यामागे टेकवून ठेवलं. बैलांचं ओझं कमी होईल, असं त्याला वाटलं. शिवाय तो मनाशी म्हणाला, "अडलंच कधी, तर मागून येणाऱ्याकडे असेलच की!"

तर गाडीवानाने राजमुद्रेची पिशवी उघडली. तुटलेल्या आऱ्यांना कामट्या लावल्या, वर डिंक थापला, सुतळी आवळली. बैलांनी एक पाऊल टाकलं आणि कामट्या काडीसारख्या मोडल्या.

"पुन्हा बांध," सुईण म्हणाली. "एवढा मोठा शिक्का आहे पिशवीवर, काहीतरी उपयोग असेल त्याचा."

गाडीवानाला हसू आलं नाही. "थोडं थांबू, आत्याबाई. मागून कोणीतरी येईल."

पहिला आला मीठवाला. "चाक? मी तर दवंडीच्या दुसऱ्याच दिवशी उतरवलं. म्हटलं, तुम्ही सगळे आहातच!" एवढं म्हणून तो मिठाच्या गोण्यांनी खच्चून भरलेली गाडी हाकत पुढे गेला.

मग कुंभार आला. त्याच्या गाडीखाली चाकाच्या जागी मडक्यांची उतरंड बांधली होती. तो खाली उतरला, त्याने दोन वेळा मोडक्या चाकाभोवती फेरी मारली आणि खरोखर हळहळून म्हणाला, "दादा, मी तुझ्या भरवशावर होतो रे."

"माझ्या गाडीत बसा आत्याबाई, मी सोडतो," असंही तो म्हणाला. पण गाडी तोंडापर्यंत भरलेली होती. पाय ठेवायला जागा करण्यासाठी दोघे मडकी उतरवू लागले. तेवढ्यात गाडीवानाला लांबवर धूळ दिसली. "राहू दे," तो म्हणाला, "ती तेल्याची गाडी. तो जुन्या वळणाचा माणूस आहे. त्याच्याकडे चाक असणारच." कुंभार निघून गेला.

तेल्याची गाडी यायला बराच वेळ लागला. त्याच्याकडेही चाक नव्हतं. गाडी पेंडीच्या पोत्यांनी गच्च भरलेली होती, गाडीखाली तेलाचे बुधले लटकत होते आणि बुधल्यांखाली त्याचा म्हातारा कुत्रा सावली धरून चालत होता.

सूर्य कलला. गाडीवान वाटेकडे बघत उभा राहिला. शेवटी त्याचा थोरला बैल बोलला. त्या काळी जनावरं बोलत, पण माणसांचं डोकं अगदीच चालेनासं झालं, तरच.

"धनी, चाक मोडलंय. आमचे पाय धड आहेत. आमचं जू सोड आणि म्हातारीला माझ्या पाठीवर बसव."

"मी बैलावर बसू?" सुईण ओरडली. "या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक येऊन गेले," बैल म्हणाला. "त्यांना जे म्हणायचं ते म्हणून झालं."

गाडीवानाने गाडी तिथेच सोडली. सुईण बैलाच्या पाठीवर बसली, वशिंड दोन्ही हातांनी धरून. गाडीवान पुढे कासरा धरून पळत होता. दोन कोसांच्या वाटेत तिने एकदाही कुरकूर केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "हे सकाळीच सुचायला हवं होतं रे बाबा."

ते पोचले तेव्हा गावात गुरं परतत होती. सुईणीने लेकीला वाचवलं. बाळ मात्र गेलं होतं. मुलगी होती. हात धुऊन सुईण बाहेर आली आणि गाडीवानाला म्हणाली, "तिला खोटं सांगायचं नाही. दुपारी पोचलो असतो, तर दोघी हाताला लागल्या असत्या."

गाडीवान उठला, गोठ्यामागे गेला आणि त्या धडधाकट चाकासमोर उभा राहिला. त्या रात्री तो घरात आला नाही.

तिसऱ्या दिवशी कारभारी स्वतः चौकशीला आले. चावडीवर गाव जमलं. कारभाऱ्यांनी निकाल वाचला. "गाडीवानाने गाडी बेफिकिरीने हाकली. रस्त्यात दोष आढळला नाही."

"खड्डा आहे तिथे," गाडीवान म्हणाला. "गुडघ्याएवढा. माझी गाडी अजून त्यातच आहे. पण चाक मीच काढलं होतं, कारभारी. माझा हात कोणी धरला नव्हता. माझी चूक मी लपवणार नाही. तुम्ही तुमची सांगा."

कारभारी निकालाचा कागद गुंडाळू लागले. गावकरी मात्र उठले. संध्याकाळ व्हायच्या आत त्या गावातल्या प्रत्येक गाडीखाली तिसरं चाक बांधलं गेलं. महिन्याभरात ही पद्धत पुन्हा राज्यभर सुरू झाली. कोणीही दवंडी पिटवली नाही.

या गोष्टीचा बोध एवढाच: अडचणीच्या वेळची तयारी कोणाच्या सांगण्यावरून टाकू नये आणि शेजाऱ्याच्या भरवशावर तर मुळीच टाकू नये.

चौकशीच्या दिवशी कारभाऱ्यांचा रथ चावडीबाहेर उभा होता. त्याच्या मागच्या बाजूला तेल लावून चकचकीत केलेली दोन जादा चाकं बांधलेली होती. ती कशासाठी, असं सुईणीने सगळ्यांसमोर विचारलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.