फेटा बांधणारा

“एकटी गाडी पळाली तर ती शर्यत नव्हे, असं कुठं लिहिलंय, वस्ताद?”

बाबालाल वस्ताद वाकून फक्कीची पांढरी रेघ ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

धैर्यशीलने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. सकाळपासून तो तेच करत होता. कोल्हापूरबाहेरच्या या मैदानावर एके काळी गाड्या लावायला जागा पुरायची नाही. कुणी दुकान बंद ठेवून यायचं, कुणी घरी खोटंच काही सांगून. घरचीच गाडी, उसनं हेल्मेट, आणि दिवसभर नाकातोंडात धूळ. त्यातल्या कितीतरी जणांना वस्तादांनीच वळण घ्यायला शिकवलं होतं. धैर्यशीलही त्यांतलाच, आणि सगळ्यांत वेगवान.

आज मैदानात एकच गाडी उभी होती. त्याची.

“जागेच्या मालकांनी स्पष्ट सांगितलंय,” तो म्हणाला. “यंदा शर्यत झाली तरच मैदान आपल्या क्लबकडं. नाहीतर प्लॉट पाडणार. मी पळतो. तुम्ही फक्त निशाण दाखवा, आणि शर्यत झाली म्हणून त्यांना सांगा.”

“पोवार मास्तरांना बोलावलंस?”

“फोन केला होता. गुडघे दुखतात म्हणाले.”

“गाडीत बसून?”

धैर्यशील हेल्मेटचा पट्टा आवळू लागला.

या क्लबची एक रीत होती. पहिला येईल त्यानं रेघेपाशी थांबायचं. सगळ्यांत शेवटी येईल त्यानं त्याला फेटा बांधायचा. मगच शर्यत संपली म्हणायची. शेवटचे बहुतेक पोवार मास्तरच असायचे. गाडी जुनी, पण फेटा असा बांधायचे की जिंकलेल्याला आरसा सोडवत नसे.

एका वर्षी धैर्यशीलने दुकानातला तयार फेटाच डिकीत आणला.

“मास्तरांची वाट बघायची म्हणजे जेवण गार!” तो म्हणाला होता. सगळे खळखळून हसले होते.

मास्तर आले तेव्हा तो फेटा स्वतःच चढवून निघून गेला होता. कापड हातात घेऊन मास्तर रेघेवर उभे राहिले, आणि मग त्याची नीट घडी करून घरी गेले.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. मग दुसरं कुणी शेवटी आलं. त्याच्यासाठीही कुणी थांबलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तोही आला नाही...

“बस गाडीत,” वस्ताद म्हणाले.

निशाण खाली आलं. धैर्यशीलने जीव तोडून गाडी पळवली. प्रत्येक वळणावर सवयीनं आरशात पाहिलं. मागं धूळ होती. त्याच्याच गाडीची.

रेघ ओलांडून तो उतरला. घामानं निथळत होता.

“झाली शर्यत!”

वस्तादांनी पिशवीतून केशरी कापड काढलं.

“शेवटी कोण आलं?”

“... मीच की.”

“मग बांध.”

धैर्यशीलने कापड डोक्याला लावलं. इतके फेटे मिरवले, पण बांधायला कधी शिकला नव्हता. एक वेढा बसला की दुसरा सुटे. कापडाचं टोक धुळीत लोळू लागलं. शेवटी सगळा फेटा गळ्यात आला.

“वस्ताद, तेवढं टोक धरा की... मला एकट्याला नाही येत हे.”

वस्ताद रेघेवरून हलले नाहीत. हातातलं निशाण त्यांनी अजून गुंडाळलं नव्हतं. ते पलीकडच्या रिकाम्या वळणाकडे पाहत होते.

“वस्ताद... मालक वाट बघतायत. शर्यत संपली एवढं सांगा. मैदान जाईल हो.”

वाऱ्यानं रेघेवरची फक्की थोडी उडाली...

“थांब, पोरा. शेवटची गाडी अजून यायची आहे.”